नववी वही आणि इतर कर्मचारी

१

सोमवारी सकाळी अराबा क्वान्साह माझ्या खोलीत न ठोठावता शिरली. एरवी ही बाई स्वतःच्या खोलीत जातानाही ठोठावेल, इतकी तिची रीत. परदेशात शिकून आलेली ना.

"आन्टी एकूवा, नववी वही नाहीये!"

आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला आन्टीच म्हणतात, त्यात काही वावगं नाही. पण हिच्या तोंडून ते ऐकलं की मला आधी माझे गुडघे आठवतात.

"नाहीये म्हणजे काय?"

"पेटीत आठवी आहे, दहावी आहे. मधली नाही. शनिवारी दुपारी मी स्वतः कुलूप लावलं होतं."

मी मिसेस एकूवा ब्रू. या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं झाली. पुस्तक आलं की त्याला नंबर द्यायचा, त्याचं कार्ड करायचं, त्याची जागा ठरवायची, हे माझं खातं. जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं जिथे कुलपात ठेवतात ती आफ्रिकाना खोली मला मिळायला हवी होती. मी अर्जही केला होता. दोन वर्षांपूर्वी ती या एकतीस वर्षांच्या पोरीला मिळाली, आणि तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखतंय ते अजून थांबलेलं नाही. लपवून काय करू? सगळ्या इमारतीला माहीत आहे.

त्यामुळे वही गेली हे ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं, ते विचारू नका.

पण मग बेनेडिक्टा ओतू आठवली आणि हसू आतल्या आत जिरलं. बेनेडिक्टा पीएचडीची विद्यार्थिनी. अक्वा मास्तर नावाचे एक शाळामास्तर पन्नास वर्षांपूर्वी किनाऱ्यावर बसून कोळ्यांच्या पंचायतीत चाललेले तंटे वह्यांत उतरवून घ्यायचे. त्यातल्या नवव्या वहीवर तिने सगळा प्रबंध उभा केला होता. त्या पंचायतीत मासळी विकणाऱ्या बायका निवाडा द्यायला बसत, असं तिचं म्हणणं. बुधवारी दहाला तिची तोंडी परीक्षा होती. राजधानी अक्राहून येणाऱ्या परीक्षक प्रोफेसर मिसेस आमार्तेफियो यांनी आधीच लिहून कळवलं होतं: मूळ वही टेबलावर पाहिजे, नाहीतर हा पुरावा मी बनावट धरीन.

चार वर्षांची मेहनत, आणि वर खोटारडी म्हणून शिक्का. मध्ये उरले दोन दिवस.

२

मुख्य ग्रंथपालांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"मिसेस ब्रू, शोध तुम्ही घ्या. किल्ली अराबाकडे होती, तिलाच शोधायला कसं सांगू?" मग आवाज उतरवून म्हणाले, "बुधवारपर्यंत वही मिळाली नाही, तर ती खोली दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावी लागेल. अनुभवी माणसाकडे."

आणि माझ्याकडे बघत राहिले. एई! देवा, तू माणसाची परीक्षा घेतोस ती अशी.

मी आफ्रिकाना खोलीत गेले. पेटी उघडली. आठवी वही, दहावी वही, आणि मधोमध एक लाकडी फळी उभी.

"ही फळी तू ठेवलीस?"

"नाही. मला तशीच दिसली," अराबा म्हणाली.

आमच्याकडे वाचकाने काही मागितलं की तो चिठ्ठी लिहितो. वस्तू बाहेर काढली की तिच्या जागी अशी फळी उभी करायची आणि तिला चिठ्ठी टाचायची, म्हणजे वस्तू कुणाकडे आहे ते कळतं. या फळीला चिठ्ठी नव्हती. चोरी करणारा फळी कशाला ठेवेल? घाईत उचलेल आणि पळेल की नाही?

"तू घाबरलीयेस का?" मी विचारलं.

"तुम्ही घाबरला नसतात?"

"मी कुलूप दोनदा ओढून बघितलं असतं."

तिचे डोळे भरून आले. खरं सांगते, मला थोडं बरंच वाटलं.

३

डॉक्टर एबो दाद्झी हा पहिला संशयित. त्याने अकरा वर्षं याच विषयावर घालवली होती आणि छापून टाकलं होतं की बायका पंचायतीत कधीच बसल्या नाहीत. बेनेडिक्टा पास झाली की त्याची अकरा वर्षं पाण्यात. वर तो तिच्या परीक्षक मंडळावरही होता.

तो त्याच्या खोलीत केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा खात बसला होता. मला बघून त्याने हात पुसले नाहीत.

"या, मिसेस ब्रू! ऐकलं मी. वही उडाली म्हणे."

"तुम्हाला फार वाईट वाटलेलं दिसतंय."

"वाईट? अहो, जी वही अकरा वर्षांत मला कुणी दाखवली नाही, ती त्या पोरीला दोन महिन्यांत मिळाली. मी मागितली की 'डॉक्टर, यादीत नाही'. तिने मागितली की लगेच हजर! तुम्हीच सांगा, माझ्यात काय कमी होतं?"

"शनिवारी कुठे होता?"

"आफ्रिकाना खोलीतच. दुपारी बारापर्यंत. लिहा, लिहा! मला तर वही फाडून समुद्रात टाकावीशी वाटत होती. पण टाकली नाही. भित्रा आहे मी, विचारा माझ्या बायकोला."

हा माणूस जळत होता, यात शंका नाही. जळणाऱ्याची मला ओळख आहे, रोज आरशात बघते. पण दाद्झीने इतक्या वर्षांत एकदाही चिठ्ठी नीट भरलेली नाही. काढलेलं पुस्तक तो खिडकीत ठेवतो, जिन्यात ठेवतो, एकदा तर संडासात सापडलं. त्याच्या हातून फळी उभी राहणं शक्य नव्हतं.

बेनेडिक्टा बाहेर पायऱ्यांवर बसली होती. डोळे सुजलेले, मांडीवर प्रबंधाची प्रत.

"आई मोरी गावाहून निघालीय," ती म्हणाली. "परीक्षकांना जेवण द्यायची रीत आहे ना. तीन दिवस मासे धुरावतेय ती. तिला काय सांगू, आन्टी? तिची मुलगी खोटं लिहिते म्हणून?"

"दे तो प्रबंध इकडे."

आम्हा ग्रंथालयातल्या माणसांना एक खोड आहे. प्रबंध हातात आला की आम्ही आधी आभाराचं पान उघडतो आणि आपलं नाव शोधतो. मीही उघडलं. देवाचे आभार, आईचे आभार, मग: 'नववी वही शोधून काढणाऱ्या मिस अराबा क्वान्साह यांची मी जन्मभर ऋणी आहे. तसेच ग्रंथालयातील इतर कर्मचाऱ्यांचे आभार.'

इतर! या बेनेडिक्टाला जुन्या याद्या कशा वाचायच्या ते मी शिकवलं. सव्वीस वर्षं राबून मी इतर! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"ही प्रत आणखी कुणी पाहिली?"

"तुमच्याच ऑफिसात दिली होती शुक्रवारी. सगळ्यांनी पाहिली असेल."

शुक्रवारी पान वाचलं गेलं, शनिवारी वही गेली. पायऱ्यांवरच माझ्या लक्षात आलं की चोर बाहेरचा नाही. आमच्यातलाच कुणीतरी ते पान वाचून पेटला होता.

४

मंगळवारी सकाळी मी क्वोफींना गाठलं. एकोणसाठ वर्षांचे, पुस्तकं काढून आणणारे आणि परत लावणारे. वाचकाने चिठ्ठी दिली की आत जाऊन वस्तू घेऊन येतात ते हेच. आम्ही त्यांना मानाने एग्या म्हणतो, म्हणजे बाबा.

"एग्या, शनिवारी पेट्या परत कुणी लावल्या?"

"मी लावल्या. रोज मीच लावतो. सिस्टर एकूवा, तू पोलीस कधी झालीस?"

"साहेबांनी केलं."

"मग पगार वाढव म्हणावं." त्यांनी दोन पुस्तकांमध्ये बोट घालून तिसरं सरळ केलं. त्यांना वाकडं पुस्तक बघवत नाही. "अराबाला पकडणार तू. मला माहीत आहे. तुला किती दिवस तेच हवंय."

"तिनेच केलं असेल तर पकडीन."

"आणि नसेल तर?"

मी विषय बदलला. म्हटलं, "पावसाळी हवा आहे. वही कुठे ओलीत पडली असली म्हणजे?"

"ओली नाही होणार ती. काळजी करू नकोस," ते म्हणाले आणि गाडी ढकलत निघून गेले.

दारावरच्या पहारेकऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, की शनिवारपासून साहेबांचीसुद्धा बॅग तपासली आहे. म्हणजे वही इमारतीतच होती. तीन लाख पुस्तकांत एक पातळ वही. परीक्षा जवळ आली की पोरं एकमेकांपासून पुस्तकं लपवतात, भलत्याच शेल्फवर कोंबतात, आणि ती आम्हाला वर्षभराने सापडतात. पोराने लपवली असती तर मी हात टेकले असते.

पण ही आमच्या माणसाने लपवली होती. ज्याला चोरी करतानाही रिकामी जागा बघवली नाही, सवयीने फळी उभी केली, असा माणूस. असा माणूस वही भलतीकडे कोंबेल का? छे! तो तिला नंबर देईल. आणि नंबर दिला की कार्ड केल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. कार्ड नसलेली वस्तू म्हणजे आमच्या लेखी मेलेली वस्तू.

मी धावतच माझ्या खोलीत आले. वाचकांची कार्डं बाहेर असतात. पण पुस्तकं शेल्फवर ज्या क्रमाने उभी असतात त्या क्रमाची कार्डं माझ्या खोलीत मागच्या कपाटात असतात, ती वाचक कधी बघत नाहीत. त्यातले तीस खण जुन्या नंबरांचे. सोळा वर्षांपूर्वी आम्ही नंबरांची पद्धत बदलली. जी पुस्तकं बदलायची राहून गेली ती चौथ्या मजल्यावर पडून आहेत, आणि हे खण कुणी उघडत नाही. त्यांच्या मुठींवर बोटभर धूळ असते.

एकोणतीस मुठींवर होती. एक मूठ चकचकीत पुसलेली होती.

५

कार्ड नवं होतं. पेन्सिलीने, सुबक अक्षरात: 'अक्वा, मास्तर. वही नववी.' वर जुन्या पद्धतीचा नंबर, मासेमारीचा, अचूक.

हे अराबाचं काम नव्हतं. कारण हा नंबर तिला येणं शक्यच नव्हतं. ती आली तेव्हा जुनी पद्धत बंद होऊन चौदा वर्षं झाली होती. मागे एकदा मी तिला मुद्दाम सगळ्यांसमोर जुना नंबर विचारला होता, आणि ती अडखळली तेव्हा पोट धरून हसले होते. जुने नंबर येणारी माणसं आता आमच्याकडे दोनच उरलीत. त्यातली एक मी.

मी दार लावलं आणि बसले. हे कार्ड मी खणात परत ठेवलं तर कुणालाही कळणार नव्हतं. उद्या दहा वाजले की अराबा खलास, आणि खोली माझी. बेनेडिक्टाही खलास, पण ती तरी मला 'इतर' म्हणालीच होती ना? तासभर मी हाच हिशोब करत बसले. खोटं कशाला सांगू, पुरा तासभर.

मग डोळ्यांसमोर मोरी गावची ती बाई आली. तीन दिवस चुलीपुढे धूर खात बसलेली. तिने माझं काय घोडं मारलं होतं? मी उठले आणि चौथ्या मजल्यावर गेले.

तिथे उन्हाने छत तापतं, म्हणून हवा कोरडीठाक असते. शेल्फवर मासे खारवायच्या दोन पुस्तकांच्या मध्ये, तपकिरी कागदात नीट गुंडाळून, वही आपल्या क्रमात उभी होती.

"मला वाटलं, तू सकाळीच येशील," मागून क्वोफी म्हणाले.

"का केलंत, एग्या?"

"ती पेटी जिन्याखाली वीस वर्षं पडून होती. उघडली कुणी? मी. अराबाच्या टेबलावर आणून ठेवली कुणी? मी. बातमी छापून आली तेव्हा नाव कुणाचं? तिचं." त्यांचा आवाज चढला. "आणि मास्तर कुणाचे, माहीत आहे? माझे! चौथीत मला शिकवायला होते. किनाऱ्यावर भरभर लिहून घ्यायचे, त्यांच्या स्वतःच्या खुणा होत्या. शनिवारी आम्हा पोरांना घरी बसवून ते सगळं उतरवून घ्यायला लावायचे. ती मुलगी काउंटरवर येऊन विचारायची, 'एग्या, ही खूण कशाची असेल?' मी सांगायचो. दोन वर्षं सांगत आलो. शुक्रवारी ते पान बघितलं मी, सिस्टर. इतर."

"मीही इतरच आहे."

"तू नुसती चिडतेस. मला ते जमलं नाही. शनिवारी पेट्या लावताना, कुलूप लागायच्या आधीच वही काढून घेतली. मला वाटलं, वही नसताना कशी पास होते बघू. नंतर परत ठेवणार होतो. कार्ड केलं होतं ना. मध्येच मेलो असतो तर सापडायला नको?"

"उद्या तुम्ही स्वतः येऊन सांगायचं."

"मी नाही येणार."

"मग वही मी नेते."

"ने की." ते जिन्याकडे वळले. "पण तुझ्या हातात वही दिसली की लोक कुणाचं नाव घेतील? तू अराबावर किती जळतेस ते पहारेकऱ्याला ठाऊक आहे."

६

अगदी तसंच झालं. बुधवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना मी वही घेऊन परीक्षेच्या खोलीत शिरले, आणि दाद्झी खुर्चीतून उठलाच.

"अरे वा! ही मिसेस ब्रूंकडे होती तर!"

साहेबांचा चेहरा पडला. अराबा माझ्याकडे बघत राहिली. "आन्टी, तुम्ही? माझ्यावर एवढा राग होता?"

"राग आहेच, तो नंतर बघू," मी म्हटलं आणि सांगायला लागले. फळी कुणी उभी केली असेल, दाद्झी का नाही, वही बाहेर का गेली नाही, कार्ड कुठे सापडलं, आणि अराबाला तो नंबर का येणार नाही. प्रोफेसर आमार्तेफियो चष्म्यातून ऐकत होत्या.

"थोडक्यात," दाद्झी म्हणाला, "हे काम करू शकणारी माणसं दोन. त्यातल्या एकाच्या हातात वही आहे. आणखी काय पाहिजे?"

क्वोफींचं नाव ओठांवर होतं, पण आता ते घेतलं तर म्हातार्‍यावर ढकलते म्हणाले असते. बेनेडिक्टा तर माझ्याकडे बघतही नव्हती.

"दुसरा मी," दारातून आवाज आला. क्वोफी आले होते, रविवारचा पांढरा सदरा घालून. "लपवली मी. तिने शोधली."

प्रोफेसरबाईंनी वही पुढ्यात ओढली आणि चाळिसावं पान काढलं.

"लपवली कुणी ते तुमचं तुम्ही बघा. माझा प्रश्न निराळा आहे. या खुणा मला वाचता येत नाहीत. मिस ओतू म्हणतात, या बायका निवाडा द्यायला बसल्या होत्या. डॉक्टर दाद्झी म्हणतात, त्या नुसत्या साक्षीदार. मी कुणाचं खरं धरू? आणि शनिवारपासून गायब असलेली वही तीच आहे, हे तरी कशावरून?"

बेनेडिक्टाने दाराकडे मान वळवली. "एग्या, तुम्ही वाचाल?"

ज्याने तिला बुडवायला घेतलं होतं त्यालाच ती विचारत होती. क्वोफी टेबलाजवळ गेले नाहीत. दारातूनच म्हणाले, "वही बंद करा, मॅडम."

बाईंनी वही मिटली.

"याच तंट्यात पुढे, एकेचाळिसाव्या पानावर सात बायकांची नावं आहेत, साध्या अक्षरात, ती तुम्हालाही वाचता येतील." आणि त्यांनी सातही नावं घेतली, शाळेत हजेरी घेतात तशी. "सातांपैकी पाच नावांखाली रेघ आहे. जो बसला त्याच्या नावाखाली मास्तर रेघ ओढायचे. उभ्याला रेघ नाही, साक्षीदार उभे असायचे. कोळ्यांच्या मुखियाचं नाव खाली आहे. त्याला रेघ नाही. त्या दिवशी तो उभा होता, दंड भरायला. आणि पानाच्या कोपऱ्यात शाईचा अंगठा असेल, लहान पोराचा. तो माझा. त्यासाठी सहा छड्या खाल्ल्यात."

बाईंनी पान उघडलं. बोट फिरवत एकेक नाव मनात वाचलं. मग वही दाद्झीपुढे सरकवली. दाद्झीने बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघितलं आणि खाली बसला.

"अकरा वर्षं," तो एवढंच म्हणाला.

साडेबाराला बेनेडिक्टा डॉक्टर झाली. तिच्या आईचा धुरावलेला मासा सगळ्यांनी खाल्ला, दाद्झीने तर दोनदा मागून घेतला. साहेबांनी क्वोफींना कडक ताकीद लिहिली आणि ते पत्र फायलीत लावायचं काम माझ्याच गळ्यात मारलं. आफ्रिकाना खोली अर्थात अराबाकडेच राहिली. तिने सगळ्यांदेखत माझे दोन्ही हात धरून आभार मानले, आणि मला ती आणखीच आवडेनाशी झाली. इतकं चांगलं वागायची काय गरज होती?

मग पायऱ्यांवर फोटो. बेनेडिक्टाने क्वोफींना हाताला धरून मधोमध उभं केलं. प्रोफेसरबाई त्यांना खुणांबद्दल विचारत होत्या, आणि म्हातारा त्यांना असा समजावत होता जणू जन्मभर विद्यापीठात शिकवत आलाय. मला त्या क्वोफींचाही हेवा वाटला. वही शोधली मी, अब्रू पणाला लावली मी, आणि मधोमध कोण?

मला कुणी बोलावलं नाही. मग मीच गेले, अराबाला कोपराने सरकवून क्वोफींच्या शेजारी जागा केली आणि उभी राहिले. तिचा पाय तुडवला गेला असेल, गर्दीच होती तेवढी.

तो फोटो आता काउंटरमागे लावला आहे. सगळे चांगले आलेत. अराबाचे डोळे मात्र मिटलेले आलेत, आणि माझे उघडे आहेत.